तपकिरी चेहऱ्याचं पत्रक

“हे बोलतंय कोण?”

कुठलाही छापील कागद समोर आला की बाई आधी एवढंच विचारायच्या. चष्मा केसांत खोचलेला, त्यामुळे कागद हात लांब करून धरायचा, भुवया वर न्यायच्या आणि हा प्रश्न. कागद आणणारा गडबडायचा. “म्हणजे... आरोग्य विभाग बोलतोय.” “विभागाला तोंड नसतं, हनी,” असं म्हणून बाई कागद परत करायच्या. आवाज न चढवता. जराशा कंटाळून.

दवाखान्यात सगळे त्यांना ‘मिस’ लावून नावानं हाक मारत. मीही तशीच मारायचे, पण मनात त्यांना बाईच म्हणायचे. नागपूरला शाळेत ज्यांच्यासमोर आपोआप पाठ सरळ व्हायची, त्यातल्या त्या होत्या.

ही ऐंशीच्या दशकातली, डेट्रॉइटमधली गोष्ट. गाड्यांचे कारखाने माणसं घरी पाठवत होते. माझ्या नवऱ्याची इंजिनिअरची नोकरी टिकली होती आणि आम्ही नोव्हाय या उपनगरात घर घेतलं होतं. तिथून मी रोज शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात यायचे. गरोदर बायका आणि तान्ही मुलं, एवढंच तिथलं काम. येणारी जवळपास सगळी कुटुंबं कृष्णवर्णीय. मी आहाराचा सल्ला द्यायचे. बाई सिनियर नर्स होत्या आणि आयांना माहिती देण्याचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. लहानपणी त्या अलाबामातून आल्या, वडील कारखान्यात लागले म्हणून. मग नर्सिंग, मग नोकरी करता करता वरची पदवी.

आमच्या शनिवारच्या मराठी पॉटलकमध्ये, घरोघरचे डबे एकत्र करून जेवताना, माझ्या नोकरीची काळजी माझ्यापेक्षा इतरांना जास्त. “यार, तू रोज डाउनटाउनला ड्राइव्ह करतेस?” कुणीतरी म्हणायचं. एक काकू तर दर वेळी मला बाजूला घ्यायच्या, “दुसरीकडे कुठे जॉब मिळत नाही का गं?” एकदा मी हे बाईंना सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. “काकूंना सांग, इथे पार्किंग पटकन मिळतं.”

तुम्ही सरकारी कचेऱ्यांत कधी काम केलं असेल तर पुढचं तुम्हाला खोटं वाटणार नाही. एकदा वरच्या ऑफिसातून खोकी आली. ‘कृष्णवर्णीय मातांसाठी खास नवे पत्रक.’ बाईंनी एक काढलं, मग कपाटातलं जुनं पत्रक काढून शेजारी ठेवलं. तीच आई, तीच खुर्ची, खिडकीबाहेर तीच बाग. सोनेरी केस काळे केलेले आणि चेहऱ्याला तपकिरी रंग दिलेला. मजकुरात एक शब्द बदललेला नव्हता.

“चेहरा रंगवलाय,” बाई म्हणाल्या. “तोंड तेच आहे.”

मग त्यांनी ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “‘दुपारी थोडा वेळ आडवे व्हा.’ बरं. बस बदलून बदलून कामाला जाणारी पोरगी दुपारी आडवी कुठे होणार? बसमध्ये?” वाचता वाचता त्यांचा आवाज खाली खाली गेला. शेवटी त्यांनी ते खोक्यात टाकलं आणि खोकं पायानं टेबलाखाली ढकललं.

तेव्हा त्यांनी स्वतःच पत्रक लिहायचं ठरवलं. त्यासाठी त्या केस करायच्या पार्लरमध्ये जाऊन बसू लागल्या. एकदा मलाही घेऊन गेल्या. ओळीनं बायका बसलेल्या, डोक्यावर ड्रायरची मोठाली टोपणं. घरघरीत स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे प्रत्येक जण ओरडून बोलत होती, आणि जी गोष्ट दवाखान्यात दार लावूनही कुणी सांगितली नसती ती तिथे सगळ्या रस्त्याला ऐकू जात होती. बाळाला बाटलीत सिरिअल कालवून दिलं की ते रात्रभर झोपतं. दवाखान्यात खरं सांगितलं की सरकारी लोक पोर काढून नेतात. सुजलेल्या पायांसाठी आजीचं काय औषध, त्यावर दोघींचं भांडण.

बाई कुणाला चूक म्हणाल्या नाहीत. एवढंच विचारायच्या, “हे तुला कुणी सांगितलं?” उत्तर बहुतेक वेळा एकच. आजीनं.

“आपण नातीशी बोलतोय,” परत येताना गाडीत बाई मला म्हणाल्या. “घर आजी चालवते.”

माझी आई त्या वर्षी माझ्या बाळंतपणाला आली होती. बाई बाळाला बघायला आमच्या घरी आल्या. आईनं मला डोक्याला फडकं आणि पोटाला जुनं लुगडं घट्ट गुंडाळून बसवलेलं. मला लाज वाटली. पण बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही, आईच्या शेजारी जाऊन बसल्या आणि पोटाकडे बोट दाखवून “का?” असं खुणेनं विचारलं. आईनं हातवारे करून, मराठीत, सविस्तर सांगितलं. बाई मान डोलवत होत्या. “माझी आजीही बांधायची,” त्या मला म्हणाल्या, “पिठाच्या पोत्याच्या कापडानं.” मी आईला ते सांगितलं. आईनं आत जाऊन डिंकाचे लाडू आणले, बाईंना खायला लावले आणि वर मला म्हणाली, “ही शहाणी आहे. हिचं ऐकत जा.”

पत्रक झालं ते असं: आजी आणि गरोदर नात जिन्याच्या पायरीवर बसून बोलताहेत. आजी जुनं सांगते, नात दवाखान्यातलं सांगते, दोघी थोडं भांडतात. शब्द सगळे पार्लरमधले. त्यात नात विचारते, डोकं सारखं दुखतंय, हात सुजलेत, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, काय करू? गरोदरपणात रक्तदाब वाढल्याच्या या धोक्याच्या खुणा. त्यावर आजी म्हणते, “माझ्या औषधानं हे जाणार नाही, बाळा. डॉक्टरकडे जा. मोठ्यानं सांग.”

वरच्या ऑफिसचा आक्षेप भाषेवर होता. भाषा अशुद्ध आहे. बाईंनी पत्रं लिहिली, मीटिंगला गेल्या, पुन्हा गेल्या. कुणी कधी ‘नाही’ म्हणालं नाही, ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणत राहिले. मला वाटतं, बाईंना खरा थकवा तिथे यायचा. शेवटी परवानगी मिळाली. कागद इतका पातळ, की मागचं पुढे दिसायचं.

पण पत्रक घरोघर गेलं. काही आज्या तर ते पर्समध्ये घालून दवाखान्यात भांडायला आल्या. “आमच्या औषधाला नावं ठेवणारी कोण ती?” बाई खूष. “भांडायला आल्या म्हणजे वाचलंय,” म्हणायच्या आणि त्यांना कॉफी पाजायच्या.

पुढचं सांगायला मला जड जातं.

बाईंना एक मुलगी होती. उपनगरातल्या शाळेत शिक्षिका. शिकलेला नवरा, चांगला विमा, आणि बाळंतपणासाठी असं हॉस्पिटल, की जिथे वेटिंग रूममध्ये गालिचा. आमच्या दवाखान्यात येणाऱ्या मुलींसारखी तिची कुठलीच अडचण नव्हती. आठव्या महिन्यात तिचं डोकं दुखायला लागलं. तिनं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, तुझी आई नर्स आहे ना, म्हणून तू जास्त घाबरतेस. हात सुजले. तिनं फोन केला. विश्रांती घे, असं उत्तर आलं. बाई स्वतः तिला घेऊन पोचल्या तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. मुलगी वाचली. बाळ गेलं.

बाई काही आठवड्यांनी कामावर आल्या. मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा पत्रकाचा गठ्ठा समोर होता आणि त्या त्याकडे नुसत्या पाहत होत्या.

“तिनं सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी लिहिलेल्याच शब्दांत सांगितलं होतं. मोठ्यानं.”

त्यांनी गठ्ठा बाजूला सरकवला.

“इतकी वर्षं मी आमच्या बायकांना सांगायला शिकवते आहे, हनी. सांगतात त्या. पुढे काय?”

मी चहा आणला. त्यांनी तो प्यायला. मग एका पेशंटची वेळ झाली आणि त्या उठल्या.

त्यानंतर त्या पार्लरमध्ये गेल्या नाहीत. आमच्या बायका ज्या मोठ्या हॉस्पिटलात बाळंत व्हायच्या, तिथल्या डॉक्टरांशी बोलायला वेळ मिळावा म्हणून त्या मागे लागल्या. मिळाली ती जेवणाची सुट्टी. मी बरोबर गेले होते. तरुण डॉक्टर आले, सँडविच घेतली, भिंतीला टेकून खाऊ लागले. बाईंनी पार्लरमध्ये पूर्वी ओळख झालेल्या एकीला सोबत आणलं होतं. तिनं स्वतःच्या दुखण्याची हकिगत सांगितली. मग बाई डॉक्टरांना म्हणाल्या, “तिला काय झालं होतं ते मला नको. ती काय म्हणाली, तेवढं सांगा.” कुणाचा तरी पेजर वाजला. दोघं-तिघं बाहेर गेले. एकानं रोगाचं नाव सांगितलं. शेवटी कॅनडाहून आलेली एक मुलगी, अगदी नवी डॉक्टर, अडखळत बोलली, “ती म्हणाली की... तिला वाटलं, आपण उगाच त्रास देतोय.”

“एक,” पार्किंगमध्ये बाई म्हणाल्या. एवढंच. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्या महिन्यातही. कधी दोघं ऐकायचे, कधी कुणीच नाही.

दीडएक वर्षानं मुलीला पुन्हा दिवस गेले. या वेळी डॉक्टर वेगळे होते, तरी प्रत्येक तपासणीला बाई रजा घेऊन तिच्याबरोबर जायच्या. आमच्या दवाखान्यात युनिफॉर्म कधीच बंद झाला होता, पण तपासणीच्या दिवशी त्या जुना पांढरा ड्रेस घालायच्या. खळ दिलेला, कडक इस्त्रीचा. मी एकदा कारण विचारलं.

“साध्या कपड्यांत गेले तर मी नुसती आई असते,” त्या म्हणाल्या. “यात गेले की मान वर करून बघतात.”

नात झाली. गुटगुटीत, भरपूर केसांची. दवाखान्यात फोटो फिरला, कुणी फुगे आणले, बाई दिवसभर हसत होत्या. संध्याकाळी मला घरी जाताना त्यांनी गाडीच्या खिडकीशी थांबवलं. चेहरा उतरला होता. “आज सकाळपासून एकच डोक्यात आहे,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांच्या आया नर्स नाहीत.”

मी इंजिन बंद केलं. पण त्या वळून गेल्या होत्या.

त्या हिवाळ्यात जावयाला कारखान्यातून घरी बसवलं. त्याला दक्षिणेत काम मिळालं, आणि बाईंनीही नातीसाठी त्यांच्याबरोबर जायचं ठरवलं. त्याच सुमारास आमचा निधी कापला गेला, तेव्हा त्यांच्या जागी कुणी यायचा प्रश्न नव्हता. निरोपाचा केक झाला. वरच्या ऑफिसातल्या साहेबांनी त्यांच्या पत्रकाचं कौतुक केलं, नाव मात्र त्या रंगवलेल्या पत्रकाचं घेतलं. बाईंनी दुरुस्त केलं नाही. केकचा मोठा तुकडा रुमालात गुंडाळला, मला एका हातानं जवळ घेतलं आणि बर्फातून जपून पावलं टाकत गेल्या.

त्यांची खोली सामानाची झाली. त्यांचा फोन माझ्या टेबलावर जोडून दिला. तुम्हाला वाटेल, महिन्याभरात तो बंद पडला असेल. नाही. रोज वाजायचा.

“मिस आहेत का?”

“त्या आता इथे नसतात. मी काही मदत करू?”

माझा परका उच्चार ऐकला की पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज. बायका एकमेकींना तोच नंबर देत असाव्यात. मी तेच वाक्य जरा मऊ करून, जरा हळू म्हणून पाहिलं. फोन ठेवलेच जायचे.

मार्चमध्ये एकीनं ठेवला नाही. मी माझं वाक्य म्हटलं, ती गप्प राहिली. पण मागे टीव्ही चालू होता, तो मला ऐकू येत होता. बाहेर माझे पेशंट बसले होते. मी पुन्हा काही विचारलं नाही. रिसीव्हर कानाला लावून बसून राहिले.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “अंगठी निघत नाहीये बोटातून.”

“कधीपासून?” मी विचारलं.

आणि ती सांगू लागली.