दोनशे दहा पानांची पंगत

सोमनाथ केटररचा जन्म एकाच कामासाठी झाला होता: जेवायला माणसं किती येतील ते सांगायला. पडेगावात मुख्य रस्त्यावर त्याचं छोटं ऑफिस. वर पाटी, पाटीवर त्याचाच फोटो. हातात झारा, पण चेहरा असा की जणू जिल्हा परिषदेला उभा राहिलाय.

लग्नघरचा बाप म्हणायचा, "हजार पान धरा." सोमनाथ मान डोलवायचा आणि आपल्या पद्धतीनं चौकशी सुरू करायचा. त्या तिथीला जवळपास अजून किती लग्नं आहेत? मुलाच्या चुलत्यांचं आपसांत बोलणं आहे की बंद? कापूस वेचणीला आलाय का? मग डोळे मिटून, पाच मिनिटं गप्प बसून म्हणायचा, "सहाशे चाळीस." आणि तेवढेच यायचे. चार-पाच इकडंतिकडं झाले तर ते बँडवाले. पंचक्रोशीत त्याच्या भाजीला नावं ठेवणारे होते, मठ्ठ्याला तर पुष्कळ होते, पण अंदाजाला नाव ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

दुसरा गुण म्हणजे प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर सोमनाथ देणार. बायको मेघा खासगी शाळेत गणित शिकवायची. तिच्या एखाद्या मैत्रिणीनं घरी येऊन "कशी आहेस गं?" विचारलं की आतून सोमनाथ ओरडायचा, "बरी हाय! थोडी सर्दी हाय!" मेघानं सात वर्षांत या सवयीवर बरेच उपाय केले आणि मग नाद सोडला.

लग्नानंतर सात वर्षांनी मेघाला दिवस राहिले. सोमनाथनं त्या आठवड्यात तीन साखरपुड्यांना फुकट जिलेबी वाटली. मग तिसऱ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि सोबत एक रक्ततपासणी लिहून दिली. लॅबमध्ये मेघा चपला काढून वजनकाट्यावर उभी होती. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंटची जन्मतारीख?" उत्तर अर्थातच सोमनाथनं दिलं. गॅसची केवायसी, बँक, रेशन सगळीकडं तीच तारीख सांगून त्याला पाठ झाली होती. आधारवरची, एक जूनची.

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं, "ही चाळणी आहे, निदान नाही. बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता यात थोडी जास्त दिसतेय. एकाला दोनशे दहा. म्हणजे असा रिपोर्ट आलेल्या दोनशे दहा जणी घेतल्या, तर एकीच्या बाळाला असेल, दोनशे नऊ जणींच्या बाळांना नसेल. पुढं आईच्याच रक्ताची एक जास्त नेमकी तपासणी आहे. ती करायची का, ते घरी बोलून ठरवा. पुढच्या आठवड्यात या."

"पण मॅडम, हे होतं कशानं? हिनं पपई खाल्ली व्हती एकदा."

"पपईनं नाही होत. कुणाच्याच खाण्यापिण्यानं नाही होत."

"मी दिली व्हती. एकच फोड."

"सोमनाथराव," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पपई निर्दोष आहे."

रिक्षात मेघा बाहेर बघत म्हणाली, "दोनशे नऊ वेळा काही नसतं. चांगलं प्रमाण आहे."

सोमनाथला दोनशे दहाचा आकडा आकडा म्हणून दिसतच नव्हता. त्याला पंगत दिसत होती. दोनशे दहा पानं मांडलेली, वाढपी चालतायत, वरण, भात, बट्टी, वांग्याची भाजी. सगळी पानं सारखी आणि एक कुठंतरी वेगळं. ते कुठंय ते काही कळत नव्हतं. आयुष्यभर पंगत बघून नेमका आकडा सांगणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच आकडा कुणीतरी दुसऱ्यानं दिला होता आणि पान सापडत नव्हतं.

"तो एक कुणाच्या तरी पानात येतोच ना," तो घर आल्यावर म्हणाला.

"व्हय, येतो," मेघा म्हणाली. "चहा ठेवू का?"

सोमनाथला रडू आलं. मेघानं त्याला चहा दिला, पाठीवर हात फिरवला, वर शाळेतल्या गमती सांगितल्या. तो रडत हसला आणि हसत रडला. बायकोचा धीर बघून त्याला फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं, आणि दोन्ही वाटतंय हे त्यानं तिला सविस्तर सांगितलं.

त्याच आठवड्यात मिटमिट्याला एक साखरपुडा होता. अंदाज सरळ होता: तीनशे. सोमनाथ डोळे मिटून बसला आणि त्याच्या मनात आलं, पण एखादा जास्त आला तर? त्या एकासाठी त्यानं थोडं वाढवलं. मग वाटलं, तो एक आपल्या बहिणीला घेऊन आला तर? असं करत करत त्यानं पाचशेचा स्वयंपाक केला. आले दोनशे पंच्याण्णव. उरलेल्या बुंदीचं काय करायचं? कर्मचारी, शेजारी, मंदिर, वसतिगृह सगळीकडं वाटूनही दोन पातेली उरली. ती त्यानं टेम्पोत घालून सासुरवाडीला, देवगाव रंगारीला पाठवून दिली.

सासूबाई चतुराबाईंनी दारात उतरलेली पातेली पाहिली. झाकण उघडलं. बुंदी चांगली होती. म्हणूनच त्यांना घाम फुटला. दुसऱ्या दिवशी त्या पडेगावात हजर.

"जावईबापू, काय झालंय?"

"काय नाय मामी."

"तुमचा अंदाज चुकला म्हणजे घरात कायतरी मोठं झालंय. मला येडी समजता का? गाव समदं कालपासनं बुंदी खातंय."

सोमनाथनं सांगितलं. सगळं, पपईच्या फोडीसकट. चतुराबाईंनी पदर डोळ्यांना लावला, मग कमरेला खोचला. "उद्या मी येते दवाखान्यात," त्या म्हणाल्या. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं आणि नको म्हणण्याची कुणाची छाती नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई रिपोर्ट पुढ्यात घेऊन चतुराबाईंना समजावून सांगू लागल्या. "यात रक्तातले घटक बघतात, सोनोग्राफीतलं माप बघतात आणि आईचं वय बघतात. वय वाढतं तशी शक्यता वाढते. आता यांचं वय पस्तीस आहे, तर..."

"कुणाचं पस्तीस?" चतुराबाई म्हणाल्या.

"मेघाचं."

"माझ्या मेघीचं?" चतुराबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "बाई, हिचा थोरला भाऊ चौतीसचा हाय! मी आधी त्याला जन्म दिला का आधी हिला, एवढं तरी मला ठावं असंल का नाय?"

डॉक्टरीणबाईंनी मेघाकडं बघितलं. मेघानं कपाळावर हात मारला.

"शाळेतली तारीख," ती म्हणाली. "एक जून. माझ्या लक्षातच नाही आलं."

मग चतुराबाईंनी सगळी हकीकत सांगितली. गावातली शाळा पटसंख्येवर टेकली होती. मुलं कमी पडली तर एक गुरुजी कमी होणार होते. कमी होणाऱ्या गुरुजींचं नाव गुरुजींनाच ठाऊक होतं. थोरल्या अतुलला पहिलीत घालायला त्या गेल्या तेव्हा कडेवर मेघा होती, साडेतीन वर्षांची, तोंडात अंगठा. गुरुजी म्हणाले, "हिलाही बसवा. दुसऱ्या मुलांना सोबत होईल." दवाखान्यात जन्मलेल्या अतुलचा दाखला होता, घरी जन्मलेल्या मेघाचा नव्हता. गुरुजींनी तिला सहा वर्षांची करून टाकली. जन्मतारीख अर्थात एक जून, कारण गावातली निम्मी मुलं एक जूनलाच जन्मत. अतुल आणि मेघा एकाच वर्गात बसून एकदमच दहावी झाले. कागदावर ती आपल्या थोरल्या भावाहून काही महिन्यांनी मोठी होती, त्याला दादा म्हणायची, आणि यात काही विचित्र आहे असं आजवर कुणालाच वाटलं नव्हतं.

"खरं वय किती मग?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"येत्या दिवाळीला तेहेतीस पुरी व्हतील. पाडव्याची पोर हाय ती."

सोमनाथ खजील होऊन बसला होता. हजार माणसांच्या लग्नात कुणाचं कुणाशी भांडण आहे हे आठवणाऱ्या माणसाला, बायको आपल्या थोरल्या भावाहून मोठी कशी, हा प्रश्न सात वर्षांत एकदाही पडला नव्हता. दरवर्षी एक जूनला तो तिला साडी आणायचा. ती गुपचूप घ्यायची.

"का नाही सांगितलं कधी?" तो कुजबुजला.

"पाडव्याला पण ओवाळणी मिळायचीच की," मेघा म्हणाली. "दोन साड्या सोडल्या असत्या का मी?"

डॉक्टरीणबाई हसू आवरत म्हणाल्या, "माझ्या वडलांचीही एक जूनच आहे. चला, लॅबला सांगते." लॅबनं खरी तारीख घालून पुन्हा हिशेब केला. एकाला दोनशे दहाच्या जागी एकाला साडेतीनशे आलं. धोक्याच्या रेघेच्या अलीकडं.

सोमनाथ खुर्चीतून अर्धा उठला. "म्हणजे मिटलं?"

"बरंचसं. आकडा चांगला आहे, पण अगदी निर्धास्त म्हणावा असाही नाही. ती दुसरी तपासणी करायची की नाही हे तुम्ही..."

"करायची," सोमनाथ म्हणाला.

"मी मेघाला विचारत होते."

सोमनाथनं तोंड मिटलं. हे त्याच्या आयुष्यात क्वचित घडलं होतं.

"करायची," मेघा म्हणाली. "बाळ कसंही असलं तरी आमचंच आहे. पण मला आधी कळलं म्हणजे तयारी करता येईल."

रक्त दिलं. रिपोर्टला आठ-दहा दिवस लागणार होते. चतुराबाई तेवढे दिवस पडेगावात राहिल्या आणि जावयाच्या मठ्ठ्यात सुधारणा करत बसल्या; जायचं नावच त्यांनी काढलं नाही. सोमनाथ दिवसातून दहा वेळा फोन बघायचा. एकदा तर त्यानं लग्नघरच्या माणसाला फोनवर "हॅलो, मॅडम, काय आलं?" असं विचारलं. मेघा शाळेत जात होती, वह्या तपासत होती, आणि मध्येमध्ये त्याला धीर देत होती.

रविवारी दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. सोमनाथनं झडप घातली, पण मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं फोन मेघाच्या हातात दिला. मेघानं ऐकलं. "हो मॅडम. हो. थँक यू मॅडम." फोन ठेवला.

"सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "शक्यता अगदी नगण्य म्हणाल्या."

सोमनाथनं चतुराबाईंना मिठी मारली, जे देवगाव रंगारीत कुणी जावयानं केलं नव्हतं. चतुराबाई "अवं, अवं" करत राहिल्या. आणि मग दोघांनी वळून बघितलं तर मेघा जमिनीवर बसून ढसाढसा रडत होती.

"अगं आता का?" सोमनाथ घाबरला. "चांगलंच आलंय ना? का काय लपवतीस?"

"नाय लपवत काही."

"मग आता का रडतीस?"

"आधी रडले असते तर तुम्हाला कुणी सांभाळलं असतं?"

चतुराबाई एकदम उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथं भांडी उगाच वाजवू लागल्या. सोमनाथ बायकोशेजारी फरशीवर बसला. त्याला सांगायचं बरंच होतं, पण यावेळी त्यानं ते गिळलं. मेघा रडली, थांबली, परत रडली, मग बोलायला लागली. पहिला रिपोर्ट आला त्याच आठवड्यात ती शाळा सुटल्यावर एका घरी गेली होती. तिच्या शाळेत तिसरीत श्रेया नावाची मुलगी होती, तिला डाउन सिंड्रोम होता. तिच्या आईला मेघानं सगळं विचारलं: बोलायला कधी लागली, शाळेत कसं घातलं, रात्री झोप लागते का.

"दोनदा गेले. दुसऱ्यांदा श्रेयानंच दार उघडलं. मला आत घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, टीचर, तुमचा गृहपाठ झाला नाही का?"

मेघा रडता रडता हसली. सोमनाथही हसला.

"मला नाय सांगितलंस."

"तुम्ही त्या दिवसांत बुंदी पाडत होता."

ते खरं होतं. आतली भांडी वाजायची थांबली होती, म्हणजे चतुराबाई कान देऊन उभ्या होत्या.

"आता तिच्या आईला सांगायचं कसं, हे कळंना," मेघा म्हणाली. "माझं ठीक निघालं, असं तोंड वर करून सांगायचं का? तिनं मला एवढं सगळं सांगितलं."

सोमनाथनं तिनं ठेवलेला फोन उचलला.

"पुढच्या रविवारी जेवायला बोलव त्यांना," तो म्हणाला. "समोर बसून सांग. मी स्वयंपाक करतो. काय आवडतं त्या पोरीला?"

"विचारलं नाही."

"मग विचार ना," सोमनाथनं फोन तिच्या हातात दिला, आणि ती नंबर लावत असताना एक शब्द बोलला नाही.