डिस्कवर ठेवलेली हद्द

आमच्या गडचिरोलीच्या ऑफिसात फाइलींपेक्षा किस्से जास्त साठलेत, आणि त्यांचा बॅकअप घ्यावा लागत नाही. काम मात्र गंभीर आहे. आलापल्लीच्या पलीकडच्या एका गावाला आपल्या जंगलाची हद्द सरकारदरबारी सिद्ध करायची आहे. जुना कागद नाही. म्हणून म्हाताऱ्यांनी हद्द चालत चालत सांगितली आणि आम्ही ती रेकॉर्ड केली. हे सगळं सामाईक संग्रहात जपायची जबाबदारी माझी. एक फाइल गेली तर गावाची एक टेकडी गेली, असं मी सगळ्यांना दटावत असते.

*

देवरावभाऊ आमचे फील्डवर्कर. त्यांना मी बजावलं होतं, डेटा तीन जागी हवा: गडचिरोली, वडसा, आलापल्ली. महिनाभराने त्यांनी रजिस्टर दाखवलं. तिन्ही ठिकाणच्या सह्या, शिक्के, सगळं चोख. मी खूश! मग वार पाहिले. सोमवारी गडचिरोली, बुधवारी वडसा, शुक्रवारी आलापल्ली. पेनड्राइव्ह एकच होता आणि तो एसटीने फिरत होता.

"तिन्ही जागी ठेवून राह्यलो ना मॅडम," देवरावभाऊ म्हणाले. "एकाच दिवशी पाह्यजे, हे तुम्ही कुठी सांगतलं?"

खरंच सांगितलं नव्हतं.

*

पावसाळ्यात मी म्हटलं, हार्ड डिस्क कोरडी ठेवा. त्यांनी ती घरी नेऊन धानाच्या पोत्यात खोचली. पोतं वडशाच्या राइस मिलला गेलं. चार दिवस माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग मिलवाल्याने डिस्क परत पाठवली, सोबत चिठ्ठी: 'हे भरडलं जात नाही.'

*

त्यानंतर मी कडक झाले. फाइलींना पासवर्ड लावायचा, आणि तो गावानेच ठरवायचा. पण त्या गावात कुठलीही गोष्ट एकटा माणूस ठरवत नाही. ग्रामसभा बसते आणि एकमत झाल्याशिवाय उठत नाही. सभा दिवसभर चालली. दोन पासवर्ड नामंजूर झाले. तिसरा सर्वानुमते मंजूर झाला, त्याचा ठराव झाला, खाली घरोघरच्या सह्या आणि अंगठे. रिवाजाप्रमाणे एक प्रत शेजारच्या गावालाही गेली. हद्दीवरून ज्याच्याशी वाद, तेच गाव!

मी कपाळावर हात मारला, तर देवरावभाऊच माझ्यावर उखडले. "लपवाचं होतं, तं गावाले काऊन विचारलं?"

*

जैबाईंचा किस्सा मात्र सगळ्यांत वरचा. हद्द सांगणारे पोचूआजा मागच्या हिवाळ्यात गेले. जैबाई त्यांची बायको. एक दिवस दोन गाड्या बदलून ऑफिसात आल्या. त्याचा आवाज ऐकायचाय, म्हणाल्या. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय फाइल उघडायची नाही, हा नियम मीच लिहिलेला. पण माझ्याच्याने नाही म्हणवेना. राहू द्या नियम, म्हटलं, बसा, ऐकवते.

जैबाई बसल्याच नाहीत. "आज माह्यासाठी उघडलं, तं उद्या कोणासाठीबी उघडाल," म्हणाल्या आणि दुपारच्या गाडीने परत गेल्या. मला माझीच लाज वाटली.

आठ दिवसांनी ठराव घेऊन आल्या. 'पोचू यांचा आवाज त्यांच्या पत्नीने ऐकण्यास गावाची हरकत नाही.' मी स्पीकरवर लावलं. आजांचा आवाज, पायाखालची वाळकी पानं, मध्येच खोकला. देवरावभाऊ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. माझे डोळे भरून आले. जैबाई मान खाली घालून ऐकत होत्या. पाऊण तास हलल्या नाहीत.

आजा नाल्याजवळच्या पांढऱ्या दगडाशी पोचले. इथे आमची हद्द संपली, असं त्यांनी सांगितलं आणि जैबाईंनी हात वर केला. मी रेकॉर्डिंग थांबवलं.

"इथी चुकला तो," त्या म्हणाल्या. "हद्द नाल्याच्या पलीकडं हाय, मोठ्या मोहाच्या झाडापर्यंत. तवाबी सांगतलं होतं त्याले, ऐकलं नाई. लावा मशीन, आता माह्यं घ्या."