पी आत, आर बाहेर

माझे सासरे बत्तीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात बेलीफ होते. लोकांच्या दारात जाऊन समन्स बजावायचं, कोणी घेतलं नाही तर दोन पंचांसमक्ष दाराला चिकटवायचं आणि मिळालेल्या शिव्या घरी आणायच्या नाहीत, असं त्यांचं काम. सासूबाई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच आमच्याकडे टोरोंटोला राहायला आले, आणि आले ते ऐन जानेवारीत, कारण तेव्हा तिकीट स्वस्त मिळालं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी अक्रोड दातांनी फोडायला घेतला आणि कवळीचे दोन तुकडे झाले.

"कवळीनं अक्रोड फोडतात का, बाबा?"

"दात होते तेव्हाची सवय आहे. दात गेले, सवय राहिली," ते म्हणाले. दातांशिवाय बोलताना त्यांचं प्रत्येक वाक्य हवेत विरघळत होतं.

मी एका डेंटिस्टची वेळ घेतली. त्याचा दवाखाना असलेल्या प्लाझाच्या पार्किंगमध्ये माणूस वगैरे नव्हता, नुसतं एक मशीन होतं. त्यात गाडीचा नंबर टाकायचा, कार्ड लावायचं, पावती घ्यायची. उणे अठरा तापमान, वारा सुटलेला, आणि मशीनच्या स्क्रीनला हातमोजे चालत नव्हते. मी एक हात उघडा केला आणि लक्षात आलं, नऊ वर्षं ही गाडी चालवतेय, पण तिचा नंबर मला पाठ नाही.

"बाबा, मागची प्लेट वाचा जरा!"

प्लेटवर चिखलमिश्रित बर्फ गोठलेला होता. बाबांनी वाकून पाहिलं, ताठ उभे राहिले आणि कोर्टात साक्षीदाराचा पुकारा करावा तसं एकेक अक्षर खणखणीत ओरडले. तिसरं अक्षर त्यांनी 'पी' सांगितलं. मी पी दाबला, दोन तासांचे पैसे भरले आणि बोटं काखेत घालून पळाले. कवळी दोन तासांत जोडून मिळाली. बाहेर आलो तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. बाबा नव्यानं मिळालेल्या दातांनी बोलण्याच्या आनंदात होते, आणि आम्ही घरी आलो.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. पार्किंग कंपनीचं. तुमची गाडी अमुक दिवशी आमच्या जागेत पैसे न भरता दोन तास उभी होती, सबब नव्वद डॉलर भरा. सोबत गाडी आत येताना आणि बाहेर जातानाचे दोन छोटे फोटो. आमच्या प्लेटवरचं तिसरं अक्षर आर आहे. आरचा तिरका पाय बर्फाखाली गेला होता, त्यामुळे त्याचा पी झाला होता. माझे पैसे जमा झाले होते ते कुणा पीवाल्याच्या नावावर.

"एवढंच ना," मी म्हटलं. पावतीचा फोटो काढला, कंपनीच्या वेबसाइटवर अपील केलं, घडलं ते सगळं नीट लिहिलं. चहा उकळेपर्यंत उत्तर आलं: आपलं अपील काळजीपूर्वक तपासून फेटाळण्यात आलं आहे.

माझा नवरा बँकेत कामाला आहे. त्याला क्रेडिट स्कोअर या शब्दानं जेवढी धडकी भरते तेवढी अस्वलानंही भरणार नाही. "भरून टाक ना," तो म्हणाला. "मॉर्गेज रिन्यू करायचंय आपल्याला. नव्वद डॉलरसाठी घर घालवशील."

"अरे, पण मी पैसे भरलेत!"

"मग परत भर. मनःशांतीचे समज."

मी मनःशांती विकत घ्यायला तयार नव्हते. महिनाभरानं दुसरं पत्र आलं, ते वसुली एजन्सीचं. रक्कम वाढली होती आणि वर लाल अक्षरांत 'अंतिम सूचना' असं होतं. मग दुसरी अंतिम सूचना आली. मग तिसरी. नवरा प्रत्येक पाकिटाबरोबर थोडा पांढरा पडत होता. बाबांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. पण ही तिसरी सूचना त्यांनीच पेटीतून आणली, आणि पाकिटावरचा लाल शिक्का पाहून त्यांचे डोळे असे चमकले की मला घरात पाहुणा आल्यासारखं वाटलं.

"सूनबाई, ही नोटीस आहे ना? बघू."

त्यांनी चष्मा पुसला, पत्र डायनिंग टेबलावर पसरलं, उलटं करून पाहिलं, उजेडात धरलं.

"कोर्टाचं नाव कुठाय?"

"नाहीये, बाबा."

"दावा नंबर? शिक्का? न्यायाधीशाची सही?"

"नाही."

"मग हे पत्र आहे, नोटीस नव्हे." मी आधीच्या दोन्ही अंतिम सूचनाही त्यांच्यापुढे ठेवल्या. "आणि अंतिम तिसऱ्यांदा? अंतिम एकदाच असतं गं. माणूस तीनदा मरतो का?" मग मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे पी मी वाचला," ते म्हणाले. "बत्तीस वर्षांत चुकीच्या दारी एक कागद लावला नाही, आणि इथं येऊन चुकीचं अक्षर वाचलं." त्या दिवशी ते जेवले नाहीत नीट. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी हे प्रकरण आपल्या हातात घेतलं.

तोवर एजन्सीचे फोन सुरू झाले होते. आम्ही दोघं कामावर, घरचा फोन बाबा उचलायचे. पलीकडचा माणूस आधी इंग्रजीत गुरगुरला. बाबांनी शांतपणे विचारलं, "विच कोर्ट, प्लीज?" तो गडबडला आणि हिंदीवर आला. "अंकल, मॅडम को बोलिए पेमेंट करें."

"आप बेलीफ हैं?"

"नहीं अंकल, मैं कलेक्शन से हूँ."

"मैं बेलीफ था. बत्तीस साल."

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा बाबांनी मला साग्रसंगीत अहवाल दिला. तो माणूस लुधियानाचा, त्याला दिवसाला ठरावीक फोन करावे लागतात, लोक फार वाईट बोलतात, आणि परवा एका बाईंनी फोनवर कुत्रा सोडला, म्हणजे फोन कुत्र्यासमोर धरला. बाबांनी त्याला सल्ला दिला होता: शिव्या देणाऱ्याला बोलू द्यायचं, मध्येच पाणी मागायचं. पाणी देताना माणूस शिव्या देत नाही.

"अहो बाबा, फोनवर पाणी कसं मागणार?"

"तेच तो म्हणाला," बाबा विचारात पडले.

पुढच्या प्रत्येक फोनला तो आधी अंकलची तब्येत विचारायचा, मग पैशांचं. नवऱ्यानं डोक्याला हात लावला. "आपल्याकडून पैसे वसूल करणाऱ्याला बाबा सांधेदुखीवर तेल सांगतायत."

शेवटी मी आमच्या लायब्ररीत गेले. तिथे आठवड्यातून एकदा फुकट कायदेशीर सल्ला मिळतो. टेबलामागे पिकल्या केसांच्या, सुईदोरा हातात असलेल्या एक बाई बसल्या होत्या. मला वाटलं या शिवणवर्गाच्या आहेत. त्यांनी माझे कागद वाचले आणि सरळ सांगितलं, "हा शहराचा दंड नाही, खाजगी कंपनीची मागणी आहे. तुम्ही पैसे भरलेत. कंपनी आणि एजन्सी, दोघांना रजिस्टर पत्र पाठवा: आम्हाला ही रक्कम मान्य नाही, तुमचा दावा खरा वाटत असेल तर कोर्टात या, फोन करू नका. आणि प्रती ठेवा."

कोर्टात या, हे शब्द मी घरी सांगितल्यावर बाबा खुर्चीत सरसावून बसले. पत्राचा मसुदा आम्ही दोघांनी टेबलावर करायला घेतला. ते मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिही. 'येणेप्रमाणे' आणि 'सबब' यांना इंग्रजीत काय म्हणावं यावर आमचे दोन कप चहा गेले. मध्येच त्यांनी कंपनीचं पहिलं पत्र मागितलं आणि ते दोन छोटे फोटो भिंगाखाली धरले.

"सूनबाई, हा आत येतानाचा फोटो ना? काय अक्षर दिसतंय?"

मी पाहिलं. पी. स्वच्छ, ठसठशीत पी. कंपनीच्या स्वतःच्या कॅमेऱ्यानं काढलेला.

"आणि हा बाहेर जातानाचा?"

आर. दोन तासांच्या उन्हात बर्फ वितळला होता आणि आरला पाय परत आला होता.

बाबांनी भिंग खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर महिनाभरात पहिल्यांदाच रंग आला. "म्हणजे मी बरोबरच वाचलं! जे दिसत होतं ते वाचलं! आता लिही. तुमच्या पुराव्यानुसार पी गाडी आत आली, तिनं पैसे भरले आणि ती आजतागायत बाहेर पडलेली नाही. आर गाडी बाहेर पडली, पण ती कधी आत आलीच नव्हती. सबब, आमच्या पी गाडीचं तुम्ही काय केलंत ते कळवावं."

"बाबा, असं नाही लिहीत कोणी."

"का? खोटं आहे का एक तरी अक्षर?"

नवऱ्याच्या मते या वाक्यामुळे आम्हाला देशाबाहेर काढलं असतं. मी मसुदा घेऊन पुन्हा लायब्ररीत गेले. सुईदोऱ्यावाल्या बाईंनी तो वाचला, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हे वाक्य काढू नका. कृपा करून काढू नका."

दोन्ही पत्रं रजिस्टर पोस्टानं गेली. बाबांनी पावत्या वहीत टाचल्या. मग त्यांनी सूटकेसमधून आपला काळा कोट काढला, इस्त्री केला आणि दाराच्या मागे अडकवून ठेवला. इथल्या कोर्टात दुपारच्या सुट्टीत डबा खायला जागा असते का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. त्यांनी साक्षीची तयारी मनातल्या मनात पूर्ण केली होती. आंघोळ करताना आतून आवाज यायचा, "होय, मीच वाचलं."

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं, दोन ओळींचं. फेरतपासणीनंतर आकारणी रद्द केली आहे, तसदीबद्दल दिलगीर आहोत. पी गाडीबद्दल चकार शब्द नव्हता. नवऱ्यानं ते पत्र तीनदा वाचलं आणि कधी नव्हे तो बाबांच्या पाया पडला. त्याच आठवड्यात लुधियानावाल्याचा फोन आला. "अंकल, आप की फाइल क्लोज़ हो गई."

"अच्छा," बाबा म्हणाले. "तो अब फोन नहीं करोगे?"

त्यावर तो काय म्हणाला ते बाबांनी सांगितलं नाही. बाबांनी "संभाल के" म्हटलं आणि फोन ठेवून खिडकीशी जाऊन बसले. आम्ही जिंकलो होतो आणि घरात कोणीतरी परगावी गेल्यासारखं वाटत होतं.

पण बातमी आमच्या इथल्या मराठी मंडळात पसरली. पुढच्या शनिवारी शेजारच्या इमारतीतलं एक जोडपं जिमची वसुलीची पत्रं घेऊन आलं. त्यानंतर एक काकू फर्निचरच्या दुकानाची घेऊन आल्या. बाबा डायनिंग टेबलाच्या टोकाला बसायचे, चष्मा पुसायचे आणि पहिला प्रश्न तोच विचारायचे, कोर्टाचं नाव कुठाय. मी चहा करायचे आणि इंग्रजी वाचून दाखवायचे. बरीचशी पत्रं ते बोटानं बाजूला सरकवायचे आणि त्या माणसांना लायब्ररीचा पत्ता द्यायचे.

जूनमध्ये माझ्या नवऱ्याच्या बँकेतला एक सहकारी आला. मोठ्या आशेनं त्यानं एक घडी केलेला कागद पुढे ठेवला आणि म्हणाला, "काका, यातून सुटेन ना मी?" बाबांनी कागद उलगडला, मला वाचायला लावला, मग उजेडात धरला. शाळेसमोर वेगानं गाडी हाकल्याचा शहराचा दंड होता. नाव, तारीख, वेळ, कायद्याचं कलम, सगळं जागच्या जागी. बाबांनी त्या कागदावरून मायेनं हात फिरवला.

"याला म्हणतात नोटीस," ते म्हणाले. "भरून टाका. आणि शाळेसमोर हळू चालवा."