खूण सुस्थितीत आढळली

स्वारगेटवरून सव्वासहाची एसटी सुटते ती साडेसहाला. हे ठाऊक असूनही आम्ही सहा वाजण्याआधीच फलाटावर उभे होतो, कारण कोथरूडहून इतक्या सकाळी रिक्षा मिळेल की नाही या काळजीने नलिनीने, म्हणजे माझ्या पत्नीने, मला साडेचारलाच उठवलं होतं. "तुमचा गुडघा आणि तुमचा उत्साह, यांपैकी एकच काय ते बरोबर घ्या," असं तिने निघताना बजावलं होतं. मी दोन्ही घेतले होते.

कुठे चाललो होतो ते आधी सांगतो. मी सर्वेक्षण खात्यात बत्तीस वर्षं काढली. जुन्या काळी मोजणीवाले उंच डोंगरमाथ्यांवर खुणा रोवून ठेवत आणि सगळा नकाशा त्या खुणांवर बेतलेला असे. खूण म्हणजे एक घडीव दगड, त्यावर कोरलेलं वर्तुळ आणि मधोमध टिंब. त्याच्या बरोब्बर खाली, मूळ खडकात, तसंच दुसरं वर्तुळ आणि दुसरं टिंब. वरचा दगड कुणी हलवला तरी खालची खूण जागा सोडत नाही. या सगळ्यावर पुरुषभर उंचीचा दगडांचा ढीग रचायचा, म्हणजे लांबून दिसतो. राखण गावच्या पाटलाकडे. त्याने दरवर्षी 'खूण सुस्थितीत आहे' असं सहीनिशी कळवायचं आणि काही वर्षांनी आमच्यापैकी कुणीतरी जाऊन खातरजमा करून यायची.

निवृत्त झाल्यावर मला नाद लागला. नोकरीत तपासलेल्या बारा खुणा पुन्हा बघून यायच्या. अकरा झाल्या. बारावी खुटेवाडीच्या वरची, भोरड्याच्या डोंगरावरची. ती मी सहा वर्षं टाळत होतो, कारण ती मी एकदाही पाहिलेली नव्हती. माझ्या डायरीत तिच्यापुढे माझ्याच अक्षरात 'खूण सुस्थितीत आढळली' असं लिहिलेलं आहे आणि त्या दिवशी मी डोंगर चढलोच नव्हतो.

हे नलिनीला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. उलट 'पाहिल्याशिवाय लिहू नये' हे वाक्य मी हाताखालच्या माणसांना इतक्या वेळा ऐकवलं, घरी मुलीच्या अभ्यासात इतक्या वेळा घुसवलं, की आता मी तोंड उघडायच्या आत नलिनीच ते पुरं करते. पुढच्या महिन्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्यानंतर डोंगराचं नाव काढायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. खूण तिथे असेल तर माझं खोटं निदान चुकून खरं ठरणार होतं. नसेल, तर बत्तीस वर्षांच्या तोऱ्याचं काय करायचं, ते मला समजत नव्हतं.

तालुक्याच्या गावी उतरलो, चहा घेतला. चहा नुसता गोड होता, बाकी त्यात काही नव्हतं. पुढे जीप. सहाजणांच्या जागेत अकराजण बसल्याशिवाय ती हलत नाही आणि अकरावा माणूस येईपर्यंत पाऊण तास जातो. चालकाने आरशातून विचारलं, "डोंगरावर कुनाकडं?"

"कुणाकडे नाही. एक दगड बघायचाय."

"दगड?" तो म्हणाला. "पुन्यातलं संपलं व्हय?"

पुण्याच्या माणसाला पुण्याबाहेर इतकं तयार उत्तर मिळण्याची सवय नसते. नलिनी पुढचे चार किलोमीटर हसत होती.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. गवत पिवळं पडलेलं, भात काढून झालेला, खाचरं रिकामी. मला आठवत होती ती खुटेवाडी गवती छपरांची होती. आता बहुतेक घरं सिमेंटची आहेत आणि दोनांच्या गच्चीवर टीव्हीच्या तबकड्याही आहेत. पोलीस पाटलांचं घर विचारत गेलो, तर अंगणात पन्नाशीचा एक गृहस्थ मोटारसायकल पुसत होता. हे दत्तू पाटील. मला ज्या पाटलांनी चाळीस वर्षांपूर्वी चहा पाजला होता, त्यांचे चिरंजीव.

"आबा जाऊन बारा वर्सं झाली," ते म्हणाले. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा हायसंही वाटलं. तोंड दाखवायला लागणार नव्हतं. या हायसं वाटण्याची मग दिवसभर लाज वाटत राहिली.

ओट्यावर त्यांची आई वाल निवडत बसली होती. ऐंशीच्या पुढची, पण नजर सुईसारखी. मी नाव सांगितलं, खातं सांगितलं. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "पाय धुवा, च्या घ्या, मंग जावा वर." पाण्याच्या पिंपाशी एक सपाट दगड होता. त्यावर उभं राहून आम्ही दोघांनी पाय धुतले. चहा झाला आणि दत्तू पाटील वाट दाखवायला निघाले.

चढ दोन तासांचा. आधी करवंदीच्या जाळ्या, मग कारवी (डोंगरउतारावर माजणारी उंच झुडपं), मग निसरडं वाळलेलं गवत. अर्ध्या वाटेत नलिनीच्या बुटाचा तळ सुटून जिभेसारखा लोंबू लागला. दत्तू पाटलांनी खिशातून सुतळी काढून तो आवळून बांधला आणि पुढची वाट बघायला गेले. आम्ही दोघंच दगडावर टेकलो.

"सहा वर्षं इथे यायचं टाळत होतात," नलिनी म्हणाली. "का?"

मी सांगून टाकलं. त्या दिवशी अकरा वाजता गावात पोचलो होतो. वर जाऊन परत यायला चार-पाच तास लागणार होते आणि तीनची एसटी चुकली असती. संध्याकाळी नारायण पेठेत एका मुलीला बघायला जायचं ठरलेलं होतं. म्हणून मी पाटलांना म्हणालो, तुमचा शब्द मला पुरे आहे. आणि खाली बसूनच लिहिलं.

"नारायण पेठेत," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे मला."

"तुला."

तिने बुटावरची सुतळीची गाठ आणखी आवळली. "आणि तरीही तुम्ही पाऊण तास उशिरा आलात," ती म्हणाली. "आईने पोहे दोनदा गरम केले होते." मग उठली आणि मला हात दिला. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

माथ्यावर वारा सणसणत होता. चहूकडे डोंगरांच्या रांगा, आणि मधोमध तो ढीग. मी लांबूनच थबकलो. अकरा ठिकाणी मी ढासळलेले, गवत माजलेले ढीग पाहिले होते. हा नुकताच रचल्यासारखा होता. खाली मोठे दगड, वर लहान, फटींत चिपा बसवलेल्या, आणि वरून चुना.

"आबा दर साली दिवाळी झाली की येऊन रचायचे," दत्तू पाटील म्हणाले. "आता मी रचतो. परवाच रचलाय."

त्यांची परवानगी घेऊन आम्ही एका बाजूचे दगड उतरवले. तासभर लागला. तळाशी मातीने भरलेला चौकोनी खड्डा होता. वरचा दगड नव्हता.

मी गुडघ्याची पर्वा न करता खाली बसलो आणि हाताने माती उपसली. बोटांना खडक लागला, मग खडकातली चीर, ती वळत गेली आणि पुन्हा जिथून निघाली तिथे आली. वर्तुळ. मधोमध टिंब. खालची खूण जागच्या जागी होती. कुणीतरी माझ्याहून मोठ्या माणसाने शाबासकी द्यावी तसं मला वाटलं, आणि ती शाबासकी माझी नाही हेही त्याच क्षणी कळलं.

"वरचा दगड?" मी विचारलं.

दत्तू पाटील दुसरीकडे बघू लागले. "आईला इचारा," ते म्हणाले.

ढीग पुन्हा रचून खाली यायला चार वाजले. जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि मिरचीचा ठेचा होता. पहिल्या दोन भाकऱ्या वाढून झाल्या. मग म्हातारीनेच सुरुवात केली.

"माझ्या धाकल्या दिरानं उकरला. खाली गोऱ्या सायबानं सोनं पुरलंय, असं त्याच्या डोक्यात कुनीतरी भरवलं व्हतं. खाली सोनं न्हाई, अजून एक गोल निघाला. त्यानं रागानं दगड कड्यावरनं लोटला. ह्यांनी तो हुडकून घरी आनला आन् पालथा घातला."

"कुठे?"

तिने पिंपाकडे बोट केलं. "सकाळी त्यावरच पाय धुतलेत. मागल्या टायमाला बी त्यावरच धुतले व्हतेत."

मी वळून पिंपाशेजारच्या दगडाकडे पाहिलं.

"तुम्ही आलात तवा ह्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता," ती सांगत होती. "सायेब वर जानार, दगड न्हाई बघनार, पाटीलकी गेली. आन् तुम्ही म्हनालात, पाटील, तुमचा शब्द पुरे हाय. लिवून मोकळे झालात. तुम्ही गेल्यावर हे जेवले न्हाईत. म्हनले, त्या मानसानं माझ्यावर इस्वास टाकला आन् मी त्याला फसिवला. दुसऱ्या दिशी वर जाऊन ढीग रचला. दगड वर न्यायचा तर चार मानसं लागली असती, गावभर झालं असतं. मंग दर साली. शेवटच्या साली काठी टेकत गेले, पर गेले."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. "मावशी," मी म्हणालो, "मी विश्वास टाकला नव्हता. मला तीनची एसटी गाठायची होती. पुण्याला मुलगी बघायला जायचं होतं. ही."

तिने नलिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठाव हाय मला," ती म्हणाली. "बोलत व्हता ह्यांच्याशी आन् डोळं घड्याळाकडं."

"मग पाटलांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं," म्हातारी माझ्या ताटात तिसरी भाकरी टाकत म्हणाली, "तर वर गेले असते व्हय?"

जेवण झाल्यावर दत्तू पाटलांनी पहार लावून दगड उलटा केला. खालच्या अंगाला चिखल होता. नलिनीने तांब्याभर पाणी ओतलं. वर्तुळ आणि टिंब काल कोरल्यासारखी स्वच्छ निघाली. चार माणसं घेऊन तो वर नेतो आणि खालच्या खुणेच्या नेमका वर बसवतो, असं दत्तू पाटील म्हणाले. ओळंबा कसा धरायचा ते मी त्यांना अंगणातच दोरी आणि खडा घेऊन दाखवलं. मग आम्ही शेवटची जीप पकडली.

पुण्यात आल्यावर माझी शस्त्रक्रिया झाली. दिवसातून चार वेळा मी वॉकर घेऊन दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन येतो आणि नलिनी तो प्रवास मोजते. खात्याला मी सगळं कळवलं. उत्तर आलेलं नाही. त्या खुणांची आता कुणाला गरज उरलेली नाही, आकाशातले उपग्रह ते काम करतात. आम्ही तिघं, मी, पाटील आणि त्यांची बायको, एका दगडापायी जन्मभर एकमेकांपासून काहीतरी लपवत राहिलो, आणि त्यातल्या एकट्या पाटलांनीच त्याची भरपाई केली. ते असते तर मी पुन्हा गेलो असतो, वॉकर घेऊन.

आज दत्तू पाटलांचा फोन आला. "सायेब, दगड बसवला. टिंबावर टिंब. फोटू धाडू का?"

"नको," मी म्हणालो.

फोन ठेवून मी जुनी डायरी मागून घेतली. 'खूण सुस्थितीत आढळली' ही ओळ खोडली नाही. तिच्याखाली आजची तारीख घालून लिहिलं : 'खालची खूण मी स्वतः पाहिली. वरचा दगड पुन्हा बसवल्याचं पाटील सांगतात. मी पाहिलेला नाही. त्यांचा शब्द मला पुरे आहे.' आणि सही केली.