अकरावी जोखीम

आमच्या कंपनीत दर तीन महिन्यांनी जोखमींचा तक्ता बनतो, आणि तो मी बनवतो. धंद्याला धोका कुठून आहे, किती मोठा आहे, त्यावर उपाय काय आणि उपायाची जबाबदारी कोणाची, असे चार रकाने. बेलापूरच्या ऑफिसात बसून वर्षानुवर्षं मी ते भरत आलो.

दोन वर्षांपूर्वी संचालकांनी कळंबोलीचं पोलादाचं गोदाम बंद करायचं ठरवलं. माल थेट कारखान्यातून ग्राहकाकडे जाणार होता. ही योजना मीच मांडली होती आणि ती चुकीची नव्हती. गोदाम रिकामं व्हायला पाच महिने लागणार होते. तोवर तिथल्या कोणाला कळू द्यायचं नव्हतं. त्या वेळच्या तक्त्यात मी अकरावी जोखीम लिहिली: 'गोदामप्रमुख मधेच सोडून गेल्यास माल वेळेत निघणार नाही.' उपाय: 'त्यांना थांबवून ठेवणे.' जबाबदारीच्या रकान्यात माझं नाव.

गोदामप्रमुख जवळच्याच बोनकोडे गावचे. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, तरी मला साहेब म्हणायचे. पत्रा नुसता चिमटीत धरून त्याची जाडी सांगायचे. पुढच्याच आठवड्यात मी गोदामात गेलो, तर त्यांनी मला क्रेनच्या आवाजापासून लांब नेलं.

"साहेब, तळोज्याच्या एका कंपनीनं बोलावलंय. पगार थोरा जास्ती हाय. पन पन्नाशी उलटल्यावर नवीन मानसांत जायाचं म्हंजे... तुमी सांगा, जाऊ का?"

मी नुसतं 'जा' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. कारण द्यायचीही गरज नव्हती.

मी हसलो. "तुम्ही गेलात तर इथलं कुलूप कोण उघडणार?"

"म्हंजे मी मेलो तरी चावी माज्याच खिशात!" ते खूश झाले. माझ्यासमोरच फोन लावून त्यांनी त्या लोकांना नकार कळवला. वर माझ्यासाठी वडापाव मागवला. मी तो खाल्ला.

पाच महिन्यांनी कामावरून कमी केल्याचं पत्र द्यायलाही मलाच पाठवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"तवा तुमाला म्हाईत नव्हता ना?"

"नाही."

"तेच म्हनतो मी. नायतर तुमी बोलला असता." आणि उलट त्यांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्या तिमाहीच्या तक्त्यात अकराव्या ओळीपुढे मी 'निवारण झाले' असं लिहिलं. बैठकीत त्यावर कोणी काही विचारलं नाही.

तळोज्याची जागा केव्हाच भरली होती. मी त्यांच्यासाठी ओळखीच्या चार-पाच ठिकाणी शब्द टाकला. सगळीकडे वयावर अडलं. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्यांना खरं सांगून टाका ना एकदा." सांगितलं तर मला हलकं वाटेल, पण त्यानं त्यांना नोकरी मिळणार नाही. असं मी तिला म्हणालो खरं, पण त्यात माझा भित्रेपणा किती, हे मला माहीत आहे.

ते अजून अधूनमधून फोन करतात. परवाही आला.

"साहेब, कुठं काय असेल तर बगा. तुमी बोला, मी कुठंबी येईन."

"बघतो," मी म्हणालो. विचारण्यासारखं आता एकही ठिकाण उरलेलं नाही.