ताईंचा फळा आणि माझी घाई

विजयाताईंची आणि माझी ओळख झाली ती भांडणाने. त्यांच्या या गौरवग्रंथात असे लिहू नये, असे संपादक समितीने बजावले आहे. पण मी छापखानेवाला, जे झाले ते छापतो. मुरबाडच्या बाजारपेठेत माझा छापखाना आहे. पाऊच, खोकी, लेबले, लग्नपत्रिका असे सगळे काम असते. एका दुपारी ताई आल्या आणि खांद्यावरची पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. गोणपाटाचा तुकडा, पळसाचे वाळके पान, बिडीच्या बंडलाचा कागद, एक विटलेली साडीची किनार. मी म्हटले, "बाई, भंगारवाला पुढच्या गल्लीत बसतो."

त्या अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शहापुरात एक बाई मसाले करतात, त्यांच्या ब्रँडचं काम आहे. या किनारीजवळ जाणारा लाल तुमच्याकडे निघतो का, ते बघायला आलेय." मी विचारले, मजकूर कुठे आहे, फाइल कुठे आहे, मशीन मोकळी पडली आहे. तर म्हणाल्या, "मशीनला थांबायला सांगा." तेव्हापासून मी थांबतोच आहे.

ज्यांना ताईंची पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंबईच्या जाहिरात कंपनीत त्यांनी बरीच वर्षे काम केले. साहेबांची, म्हणजे त्यांच्या यजमानांची, नोकरी भातसा धरणावर. म्हणून त्या भातसानगरच्या क्वार्टरमध्ये आल्या आणि पुढे शहापुरात त्यांनी स्वतःची कार्यशाळा काढली. कोणाचाही ब्रँड करायचा झाला की त्या आधी एक फळा तयार करतात. मुंबईत त्याला मूडबोर्ड म्हणतात. रंगांचे तुकडे, कापड, फोटो, जुनी वेष्टने, पाने असे डोळ्यांना काही सुचवणारे सगळे त्यावर टाचणीने लावायचे. इथवर सगळेच करतात. ताई तो फळा नेऊन गिऱ्हाइकाच्या घरात टांगतात. घरातल्या कोणीही, म्हाताऱ्या सासूने, शाळकरी पोरीने, जे आपले वाटत नाही ते काढून टाकायचे. कारण विचारायचे नाही. नवीन काही लावायचे मात्र नाही. ज्या दिवशी कोणालाच काही काढावेसे वाटत नाही, त्या दिवशी ताई पेन्सिल हातात घेतात. तोवर मी इकडे येरझारा घालतो.

टोकावड्याकडच्या एका गावातल्या बायकांच्या बचत गटाने घरच्या तांदळाची पिशवी करायची ठरवली, तेव्हा मी स्वतः ताईंबरोबर गेलो होतो. बचत गटांचे प्रदर्शन तोंडावर आले होते आणि मला काहीही करून त्या दिवशी डिझाइन हवे होते. फळा गटाच्या प्रमुखांच्या पडवीत लटकत होता. त्यावर हसऱ्या शेतकरी बाईचा एक झकास रंगीत फोटो होता. मला तो फार आवडला होता. ठमाबाई नावाच्या वयस्कर बाई त्याच्यापुढे कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

"ही बाय आमच्यातली नाय गो," त्या म्हणाल्या. "पायाला चिखल कुठं हाय हिच्या?"

"मग काढा," ताई म्हणाल्या.

"तुमी लावली, मी कशी काढू?"

"काढता यावी म्हणूनच लावलीय."

ठमाबाईंनी ती टाचणी उपसली आणि मग बाकीच्यांचे हात सुटले. हिरव्यागार शेताचा फोटो गेला. चुन्यातली वारली माणसे गेली; "हे हाटेलात असतंय," एक जण म्हणाली. माझ्या डोळ्यांदेखत फळा उघडाबोडका झाला. शेवटी पेंढ्याचा पिळलेला एक बंध आणि धुराने तपकिरी पडलेल्या जुन्या सुपाचा तुकडा, एवढेच उरले. प्रदर्शनात तांदूळ बिनछापाच्या पांढऱ्या पिशवीतून गेला. मी परतीच्या वाटेवर ताईंशी बोललो नाही.

पुढे त्या बंधाच्याच गाठीचे चित्र पिशवीवर आले. त्या सुपाचा तपकिरी मात्र मला पहिल्या खेपेस साधला नाही, गढूळ निघाला, आणि ताईंनी अख्खी छपाई नापास केली. ते कागद मी शाई पुसायला ठेवले. दुसऱ्या खेपेची पिशवी ठमाबाईंनी हातात घेतली, गाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हा बंध मीच पिळलाय." ताई उठून पडवीबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना असे झाले की एका जागी बसवत नाही. फळ्यापुढे शांत असणारी ही बाई एरवी किती अस्वस्थ असते, ते तेव्हा कळले.

आता माझ्यावरच्या उपकाराचे सांगतो. मला कावीळ झाली आणि छापखाना बंद पडला. ताईंचे एक मोठे काम माझ्याकडे येणार होते. गिऱ्हाईक कल्याणच्या छापखान्याकडे निघाले होते. ताईंनी त्यांना सांगितले, फळा अजून झालेला नाही. तो खरे तर झाला होता. मग ताई रोज त्यांच्या घरी जाऊन फळ्यावर काहीतरी नवीन लावून येत, म्हणजे ते काढायला घरच्यांना पुन्हा वेळ लागे. स्वतःचा नियम त्यांनी मोडला तो एवढा एकदाच, आणि तो मी अंथरुणातून उठेपर्यंत. मला हे साहेबांनी सांगितले. ताईंपाशी विषय काढला तर म्हणाल्या, "तुमचा लाल दुसऱ्याला जमत नाही."

आता त्यांची साठी. या ग्रंथाच्या कव्हरासाठी त्यांच्याच घरी फळा टांगायचा, ही कल्पना माझी. समितीला ती आवडली. ताई म्हणाल्या, "चालेल. माझं शेवटचं काम समजा. हे कव्हर झालं की कार्यशाळा बंद, आम्ही पुण्याला लेकीकडे जातो." सगळे म्हणाले, वा, आता आराम करा. मला त्या रात्री जेवण गेले नाही.

फळ्यावर आम्ही खूप काही लावले होते. पुरस्काराचा फोटो ताईंनी पहिल्याच दिवशी काढला. पैठणीतला फोटो साहेबांनी काढला. कात्रणे गेली, मसाल्याचे पहिले लेबल गेले. मी बहाणे काढून शहापूरला चकरा मारत होतो आणि जन्मात पहिल्यांदा कोणीतरी आणखी वेळ लावावा म्हणून तळमळत होतो. गेल्या आठवड्यात गेलो तर एकटा ठमाबाईंचा पेंढ्याचा बंध राहिला होता. ताई म्हणाल्या, "झालं वाटतं. उद्या पेन्सिल घेऊन बसते." आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी पिशवीतून त्या नापास तपकिरीचा एक कागद काढला आणि बंधाशेजारी टाचून ठेवला.

ताई कप घेऊन बाहेर आल्या, फळ्याकडे पाहिले. "दिनकरराव, नवीन लावायचं नसतं."

"तुमीच लावलं होतं."

"तेव्हा तुम्हाला कावीळ झाली होती. मला काही झालेलं नाही."

"तुमी जाऊ नका, ताई," मी म्हटले. दुसरे काही सुचलेच नाही.

चहा निवत आला. साहेब पेपर खाली ठेवून आमच्याकडे पाहत होते. ताईंनी टाचणीला हात लावला आणि तसाच मागे घेतला. "फार वाईट तपकिरी आहे हा," त्या म्हणाल्या. "पण बघते थोडे दिवस."

ताईंना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, असे मनापासून लिहितो. हा लेख सोडून ग्रंथाची आतली पाने छापून झाली, गठ्ठे बांधून ठेवले आहेत. हा ग्रंथ तुमच्या हाती कव्हराशिवाय पडला, तर छापखान्याला नावे ठेवू नका. ताई अजून शहापुरात आहेत असे समजा. माझ्याकडे खराब निघालेले कागद पुष्कळ आहेत.