शनिवारची हातोडी

लोकांच्या कानातल्या मळाची तिला कधी किळस आली नाही. कानाची मशीन दुरुस्त करण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. पिवळा, काळपट, चिकट, वाळून खडा झालेला, सगळ्या तऱ्हेचा मळ तिने सुईने आणि ब्रशने काढला होता. किळस यायची ती घरच्यांना. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी फर्मान काढलं, की कामावरून आल्यावर तीनदा हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही. ती एकदाच धुवायची, साबण लावून नीट, आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा बेताने तीनपर्यंत आकडे मोजायची. सासूबाईंचं समाधान आकड्यांवर व्हायचं. पुढे त्यांच्याच कानाला मशीन लागलं, तेव्हा ते साफ करून घ्यायला त्या हिच्यापुढेच येऊन बसायच्या, तोंड दुसरीकडे फिरवून. नवराही पाहुण्यांना "ती इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे" एवढंच सांगून विषय बदलायचा.

दुकानात तिला 'कानवाल्या बाई' म्हणत. पुढे काचेचा काऊंटर, मागे जिन्याखाली तिची खोली. खोलीत टेबल, दिवा, भिंग आणि डॉक्टरांच्या गळ्यात असते तशी एक नळी. मशीन उघडण्याआधी त्याला ही नळी लावायची आणि ते काय बोलतंय ते स्वतःच्या कानाने ऐकायचं, ही तिला जुन्या मालकांनी लावलेली शिस्त. निम्म्या मशीनना काही झालेलंच नसायचं. कानात बसणाऱ्या साच्याच्या भोकात मळ अडकलेला असायचा, बस. पाच मिनिटांचं काम.

मालक वारले, मुलांनी दुकान एका कंपनीला विकलं आणि नवे साहेब आले. तिच्या मुलाच्या वयाचे, अत्तर लावणारे, दाराची कडी रुमालाने धरणारे. पहिल्याच बैठकीत त्यांनी फळ्यावर एक शब्द लिहिला, कालबाह्य. पाच वर्षांहून जुनं प्रत्येक मशीन आजपासून कालबाह्य. ते उघडायचं नाही. आणि गिऱ्हाइकाला 'बिघडलंय' असं चुकूनही म्हणायचं नाही, कारण बिघडलंय म्हटलं की माणूस म्हणतो, मग दुरुस्त करा. कालबाह्य म्हटलं की तो गप्प बसतो आणि वर आपलंच काहीतरी चुकलं असं तोंड करतो.

माणसं ओळखण्यात साहेब पक्के होते, हे मान्य करायला हवं. वस्तू झिजली तर झीज दिसते, मोडली तर तुकडा हातात येतो. कालबाह्य झालेल्या वस्तूत मात्र काही म्हणजे काही घडलेलं नसतं. ती बिचारी काल चालत होती तशीच आज चालत असते. लांब कुठल्यातरी थंडगार खोलीत चार जण तिच्यावर काट मारतात, एवढंच. काऊंटरवरच्या मुलींना तो शब्द भारी आवडला. चहाची किटली कालबाह्य झाली, एकीच्या होणाऱ्या नवऱ्याची मिशी कालबाह्य झाली, आणि जिन्याखालची खोली तर 'कालबाह्य विभाग'च झाली. कानवाली बाईही तेव्हा हसली होती.

नवीन मशीन घेणाऱ्याकडून जुनं जमा करून घ्यायचं, असा नियम आला. जमा झालेली मशीन बादलीत पडायची आणि दर शनिवारी दुपारी, त्यातले भाग कोणी वापरू नयेत म्हणून, कापडी पिशवीत घालून साहेबांसमोर हातोडीने फोडायची. हे काम तिच्याकडे आलं. पहिल्या शनिवारी तिने सवयीने एकेकाला नळी लावली. चौदांपैकी नऊ व्यवस्थित बोलत होती. तिने तसं सांगितलं, तर साहेब म्हणाले, "चालतंय की नाही हा मुद्दाच नाही ना, बाई."

तिने हातोडी उचलली. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, आणि नवऱ्याच्या औषधपाण्याचा विमा नोकरीवर टिकून होता. त्या दिवशी घरी तिला अन्न गेलं नाही. दुसऱ्या शनिवारी थोडं गेलं. महिन्याभराने तिने एक सोपा उपाय शोधला. फोडण्याआधी नळी लावायची नाही, बादलीत बघायचंही नाही. बादली पिशवीत उपडी करायची, पिशवीचं तोंड बांधायचं आणि नजर भिंतीवर ठेवून हातोडी चालवायची. एका शनिवारी असे तीस नग झाले, आणि ती चक्क वेळेत घरी गेली.

त्यानंतरच्या मंगळवारी पलीकडच्या गल्लीत बटणांचं दुकान चालवणाऱ्या बटणवाल्या काकू आल्या. अकरा वर्षं त्यांचं मशीन हिच्याच हाताखालून जात होतं. हरवू नये म्हणून काकूंनी त्याला काळा दोरा बांधून टोकाला चार भोकांचं निळं बटण शिवलं होतं. नव्या मशीनची डबी त्यांनी काऊंटरवर आदळली.

"यात सगळं ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "पंखा ऐकू येतो, रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतात. गिऱ्हाईक तेवढं ऐकू येत नाही. आवाज कमी करायचा तर म्हणे फोन लागतो. माझं जुनं परत द्या."

जुनं शुक्रवारी अचानक मुकं झालं, म्हणून त्या इथे आल्या होत्या. बाई जेवायला गेली होती, आणि काऊंटरवरच्या मुलीने ते कालबाह्य आहे असं सांगून नवं गळ्यात मारलं होतं.

"आलेच," म्हणून ती मागे गेली. पिशवी अजून कोपऱ्यात होती. कचरा बुधवारी जायचा. तिने ती टेबलावर रिकामी केली. निळं बटण वरच आलं. मशीनचा पार चुरा झाला होता, साचा मात्र अख्खा होता. त्याच्या भोकात मळाचं बूच बसलं होतं. तिने सुई घातली, ते एका दाबात निघालं आणि भोकातून पलीकडचा दिवा दिसला. पाच मिनिटंही लागली नसती.

तेव्हा तिला सव्वीस वर्षांत पहिल्यांदा किळस आली. बोटाला लागलेल्या मळाची नव्हे, बोटांचीच. ती मोरीवर गेली आणि तिने हात धुतले. मग पुन्हा धुतले, आणि पुन्हा.

बाहेर येऊन ती काकूंजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "काकू, तुमचं मशीन मी फोडलं."

काकूंनी नवं मशीन तर केव्हाच काढून ठेवलं होतं. "काय?" त्या म्हणाल्या. "मोठ्याने बोला."

बहिऱ्या माणसापुढे कबुली द्यायची तर ती कुजबुजून देता येत नाही. समोरच्या खुर्च्यांवर चार गिऱ्हाइकं बसली होती, साहेब दारात उभे होते. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि घसा मोकळा करून आवाज चढवला.

"तुमचं मशीन चांगलं होतं. कालबाह्य वगैरे काही नव्हतं. नुसता मळ अडकला होता. मी न बघता हातोडीने फोडलं. आम्ही दर शनिवारी फोडतो, चालणारीसुद्धा."

काकूंना ऐकू गेलं. इतरांना तर गेलंच. खुर्चीवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काऊंटरवरचा आपला नव्या मशीनचा अर्ज मागे ओढला, कानातलं मशीन काढून तिच्यापुढे धरलं आणि आधी उघडून बघा, मग सही मागा, असं काऊंटरवरच्या मुलीला सुनावलं. बाईने आतून नळी आणली, भर काऊंटरवर त्याला लावली. आवाज खोल गेला होता. तिने साचा साफ केला आणि तो वर आला. साहेब तोंडाशी रुमाल धरून ते बघत होते. ती निघताना ते म्हणाले, की उद्यापासून यायची गरज नाही.

ती गेली, आणि जाताना टेबलावरचा चुरा पुन्हा पिशवीत भरून घेऊन गेली. विम्याचं काय, हे नवऱ्याने विचारलं नाही. तिला माहीत होतं, की ते त्याच्या मनात होतं.

फोडलंत तसं जुळवूनही द्या, असं काकूंनी तिला बजावलं होतं. बुधवारपासून ती काकूंच्या दुकानात, काऊंटरच्या टोकाला बसू लागली. पिशवीतला चुरा तिने बटणांच्या रिकाम्या डब्यांत निवडून ठेवला. तिकडे काकू गिऱ्हाइकांवर ओरडत होत्या आणि गिऱ्हाइकं बोटांनी बटणाचं माप दाखवत होती. तीस मशीनच्या भंगारातून एक धड मशीन जुळायला अकरा दिवस लागले. अर्धं काळं, अर्धं बदामी, दिसायला भिकार. तिने नळी लावून ऐकलं आणि काकूंच्या कानात बसवलं.

"तुमचा आवाज पहिल्यापासून असाच घोगरा आहे का हो?" काकूंनी विचारलं.

"पहिल्यापासून," ती म्हणाली.

काकू मान हलवून गिऱ्हाइकाकडे वळल्या. म्हातारे गृहस्थ तेवढ्यात आणखी दोघांना घेऊन दारात आले होते.

त्याच दिवशी कंपनीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, की आपलं कौशल्य कालबाह्य झाल्यामुळे आपणांस सेवामुक्त करण्यात येत आहे. तिने ते एकदा वाचलं आणि सुईवरचा मळ त्यावर पुसायला गेली. पण कागद असला गुळगुळीत, की मळसुद्धा त्याला चिकटेना. शेवटी तिने फडकंच घेतलं.